दक्षता समितीचा सत्कार रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
आमच्या भागाचे पोलीस ठाणे.

विषय : शेजार दक्षता समितीस दिलेले प्रशस्तिपत्र परत घेणे व माझ्यावरील खिडकी फोडल्याची तक्रार निकाली काढणे याबाबत.
संदर्भ : मला बजावलेली आपली नोटीस.

महोदय,

१. मी शिवणकाम करते व इमारतीच्या तळमजल्यावर मागच्या खोलीत राहते. नोटिशीत माझा उल्लेख 'अनोळखी महिला' असा आहे. तक्रारदार आमच्या दक्षता समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या घरचे पडदे मी शिवले आहेत. त्या दिवशी ज्या हाताने त्यांनी माझा दंड धरला, त्या हातावरच्या शर्टाची बाहीसुद्धा मीच आखूड करून दिली होती.

२. माझ्या वरच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा एकटे राहतात. त्या दुपारी माझ्या छतातून पाणी गळू लागले व मशीनवरचे कापड भिजले. खरं सांगायचं तर मी भांडायलाच वर गेले होते. दार आतून बंद होते. हाका मारल्या, तर न्हाणीघरातून कण्हण्याचा आवाज आला. गॅलरीत उघडणाऱ्या खिडकीची काच मी फोडली, कडी काढली व एक पाय आत टाकला. न्हाणीघराच्या उघड्या दारातून आजोबा उघड्या नळाखाली आडवे पडलेले मला स्पष्ट दिसले.

३. इतक्यात शिट्टी वाजली. समितीच्या मंडळींनी मला कॅमेऱ्यात पाहिले होते. अध्यक्षांनी मला दंडाला धरून मागे ओढले. मी ओरडले, "अहो, आजोबा पडलेत आत! आधी त्यांना बघा!" अध्यक्ष म्हणाले, "सगळे चोर असंच सांगतात. ओळखपत्र दाखवा." एक सभासद बाई मोबाईल धरून म्हणाल्या, "चेहरा जरा इकडे करा, उजेड येत नाहीये."

४. साहेब, खिडकी सताड उघडी होती. आत डोकावायला मान वळवण्यापलीकडे काहीही लागत नव्हते. एकानेही मान वळवली नाही. मग दाराखालून पाणी बाहेर आले, तेव्हा सर्वांनी आपापले बूट वाचवायला पाय उचलले. पाण्यात लाल रंग होता. तो पाहून मला वाटले, आता तरी हलतील. अध्यक्ष म्हणाले, "कुणी कशाला हात लावू नका. हा पुरावा आहे." हे लिहितानाही मला शिसारी येते.

५. समोरच्या घरातली सून गलका ऐकून बाहेर आली. तिने एकदा खिडकीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि कडेवरचे बाळ सरळ अध्यक्षांच्या हातात दिले. "धरा जरा, काका." त्यांचे हात अडकले व माझा दंड सुटला. आम्ही दोघींनी आत उतरून नळ बंद केला आणि आजोबांना बाहेर काढले. कपाळ फुटले होते, खुब्याचे हाड मोडले होते, ओठ निळे पडले होते. ते एवढंच म्हणाले, "पोरींनो, मला काहीतरी पांघरा." मी माझी ओढणी घातली. रुग्णवाहिका आली, तेव्हा समितीने स्ट्रेचरभोवती उभे राहून फोटो काढून घेतले. हाच फोटो आपल्या प्रशस्तिपत्रावर छापला आहे. त्यात स्ट्रेचरची दोन चाके दिसतात, आजोबा दिसत नाहीत.

६. प्रशस्तिपत्रात 'समितीच्या सतर्कतेमुळे वृद्धाचे प्राण वाचले' असे म्हटले आहे. आजोबांचा जबाब मात्र कोणी घेतला नाही. ते शुद्धीवर आहेत, बोलतात, व भेटायला गेलेल्या प्रत्येकाला सगळे सांगतात. आपण त्यांना विचारावे. माझे नाव कुठेही छापू नये. त्या फोटोच्या जवळपासही मला यायचे नाही.

७. आणखी एक. समितीने फाटकावर माझा फोटो लावला आहे. खाली 'या महिलेपासून सावध राहा', माझ्या खोलीचा पत्ता आणि समितीचा फोन नंबर. हा कागद काढावा अशी माझी विनंती नाही. तीन दिवसांपूर्वी शेजारच्या इमारतीत नुकत्याच राहायला आलेल्या बाळंतिणीला चक्कर आली. तिच्या सासूबाई घाबरून फाटकापर्यंत धावल्या, तो कागद वाचला आणि माझ्या दारात आल्या. बाळंतीण आता बरी आहे. तरी कागद तसाच ठेवावा, फक्त समितीचा नंबर खोडावा. सासूबाईंनी आधी तो नंबर लावून पाहिला होता. पलीकडून उत्तर आले, "आत्ता नाही जमणार, आम्ही पोलीस ठाण्यात सत्काराला निघालोय."

कळावे,
आपल्या नोटिशीतली अनोळखी महिला,
(सही)
दिनांक : सत्कारानंतरचा तिसरा दिवस

सोबत : १. नोटिशीची प्रत. २. समोरच्या सुनेचे सहीनिशी निवेदन.