अरूच्या खात्यावरचं नाव

सोम., ३ नोव्हें.
अरूचा जर्मनीहून फोन. एक खोली मिळतेय. शुक्रवारपर्यंत अनामत भरली नाही तर मालकीण दुसऱ्याला देणार. मी म्हटलं, "खोली कशाला? तुमचा फ्लॅट आहे ना?" "नंतर सांगते, बाबा." जावई ऑफिसात असतील. असावेत.

मंगळ., ४
मनीषनगरच्या बँकेत गेलो. इथून पैसे मधल्या बँका ओलांडत जाणार, शुक्रवार गाठतीलच असं नाही. तिकडे 'सेपा' नावाची सोय आहे म्हणे. एका देशातल्या खात्यातले युरो दुसऱ्या देशात, जणू आपल्याच गावात गांधीबागेतून सीताबर्डीला. मग तेच करा, बँकेतल्या साहेबांना म्हटलं. "सर, त्यासाठी खातंही तिकडचंच लागते. आपलं मनीषनगर अजून युरोपात गेलं नाही." माझ्या वाटचा विनोद साहेबांनीच केला.

निखिलला फोन. बहिणीचा मुलगा, नेदरलँड्समध्ये असतो. "टेन्शन नका घेऊ मामा, मी देतो तिले उसने. तिचा आयबॅन पाठवा." म्हणजे तिकडचा खातेक्रमांक. आधी देशाची दोन अक्षरं, मग तपासणीचे दोन आकडे, मग बँक नि खातं. एक आकडा चुकला तर पैसे निघतच नाहीत. इतकं आटोपशीर सूत्र फार दिवसांनी पाहिलं.

बुध., ५
अडलं. निखिलच्या बँकेचा इशारा: नाव आणि खातं जुळत नाही. हल्ली तिकडे नावही ताडून पाहतात.
"नाव कोणतं सांगतलं तुम्ही?"
"श्रेया बोंद्रे. लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलं तेच."
"मामा, इथल्या बँकेनं ते तांदूळ नाही ना पाहिले!"
हसलो. नवरीला अरुंधतीचा तारा दाखवतात. आम्ही अरुंधतीलाच श्रेया करून दिलं.
मग अरूला विचारलं. "खातं नवीन आहे, बाबा. माझ्या एकटीचं. अरुंधती देवतळे. पासपोर्टवर माहेरचंच आहे."
बरं, म्हटलं. पुढचं विचारणं...

गुरु., ६
निखिलनं त्या नावानं पाठवले. काही सेकंदांत जमा! इतक्या लवकर पोचायला नको होते, असं क्षणभर वाटलं.
सुमन पोळ्या लाटता लाटता: "तुम्ही काहून विचारून नाही राहिले तिले?"
"तू विचार. आई आहेस."
"मले तिनं दिवाळीतच सांगतलं."
या घरात इशारा फक्त मलाच मिळत नाही.

शनि., ८
अरूचा मेसेज. किल्ली मिळाली. तिकडे घंटीवर नाव लागतं, नसलं तर टपालही पोचत नाही. मालकीण सोमवारी पाटी लावणार. "कोणतं देऊ, बाबा?"
दोनदा लिहिलं, पुसलं. शेवटी उलट विचारलं, "घंटी वाजवायला कोण येणार आहे?"
ती लिहितेय असं दिसतं. थांबतं. परत दिसतं.