दोनशे चाळीस बाथरूमचं स्टेडियम

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण घरातल्या एकुलत्या एका मोकळ्या जमिनीवर स्टेडियमचा नकाशा पसरलेला आहे आणि त्यावर आडवं पडलं तर प्रेक्षकांची पश्चिमेकडची बाजू चुरगळेल, म्हणून उभ्यानेच करतो. तो साष्टांग धरून घ्यावा. तुमची तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? (तो जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो, असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं. मी त्यावर बराच विचार केला. मामींनी यापुढे फक्त उतरावं, असं माझं मत झालं आहे.) इकडे आम्ही दोघं मजेत. तुमच्या सुनेच्या स्कूटरचा मात्र अजून पत्ता नाही. चोरीला दीड वर्ष होऊन गेलं, तरी मी हाय खाल्लेली नाही. दर महिन्याला चौकीत जाऊन विचारपूस करतो. तिथला हवालदार आता मला पाहताच खुर्ची पुसतो. चोर कसा असावा, कुठून आला असावा, कुठे वळला असावा, याबद्दलचा माझा तर्क त्याला तोंडपाठ झाला आहे आणि अलीकडे तो मधूनमधून शंकाही विचारतो. माझ्या वर्गात इतकं लक्ष देऊन कोणी ऐकत नाही.

आता स्टेडियमचं. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचा स्टेडियमशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध तुमच्यामुळे आला. तुम्ही उभं आयुष्य बांधकामांवर देखरेख करण्यात घालवलंत, निवृत्त झालात आणि मग आमच्याकडे येऊन राहून आमची बाथरूम बांधून दिलीत. त्याआधी तीन वर्षं मी त्या बाथरूमच्या खर्चाचा अंदाज काढत होतो आणि आम्ही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडदा लावून अंघोळ करत होतो. (पडद्यावर मोर होते. तुमच्या सुनेला हल्ली मोर आवडत नाहीत.) तुम्ही आलात, माझे अंदाजाचे कागद बाजूला ठेवलेत, एक आकडा सांगितलात आणि बरोबर त्या आकड्यात बाथरूम उभी केलीत, वर चार फरश्याही उरल्या. ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली. एकदाच सांगितली असती तर निभावलं असतं, पण मी ती जरा वरचेवर सांगत असे. ठरल्या खर्चात बांधकाम पुरं केलेला माणूस आमच्या कॉलेजात दुसरा नाही, त्यामुळे मला एक मान होता.

आमच्या कॉलेजला एक जुना विद्यार्थी लाभला आहे. तो सगळ्या विषयांत नापास झाला, फक्त धावण्यात पहिला आला आणि पुढे गाद्यांचा कारखाना काढून गब्बर झाला. त्याने प्राचार्यांना कळवलं की एक छोटंसं स्टेडियम बांधा, पैसे मी देतो, पण आकडा एकदाच सांगायचा. कमी पडले म्हणून पुन्हा दारात यायचं नाही. शिवलेली गादी आपण पुन्हा उसवत नाही, असं त्याचं म्हणणं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आपल्याकडे या कामाचा अनुभव असलेला माणूस आहेच.

मी नाही म्हणणार होतो. पण समोर आमचे क्रीडाशिक्षक बसले होते. त्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात, कारण ती त्यांच्या गळ्यात कायम असते, लग्नातसुद्धा. आमच्या मैदानावर बसायला एक दगडही नाही. सामना असला की शिट्टीसर वर्गांमधली बाकं स्वतः उचलून मैदानावर नेतात, त्या दिवशी सगळे तास उभ्याने होतात, आणि संध्याकाळी ते पुन्हा एकेक बाक जागच्या जागी लावतात. नोकरी लागल्यापासून त्यांचं हेच चाललं आहे. आता त्यांची पाठ धरते. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि मामा, मला नाही म्हणवलं नाही.

आता अंदाज काढायचा कसा? मला बांधकामातलं जे काही कळतं ते सगळं त्या बाथरूमपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. तेव्हा मी शास्त्रशुद्ध विचार केला. स्टेडियममध्ये काय असतं? पाया, भिंती, बसायला ओटे, पाणी वाहून जायला उतार आणि गटाराला जोडणारा पाइप. बाथरूममध्येही नेमकं हेच असतं. फरक फक्त आकाराचा. तेव्हा आमची बाथरूम हे माप धरायचं आणि स्टेडियममध्ये अशा किती बाथरूम बसतात ते काढायचं. प्राचार्यांनी या कामासाठी नेमलेल्या समितीला हे फार पटलं. कॉलेजचे हिशेबनीस तर म्हणाले की इतकं सोपं करून त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग कामाला वेग आला. एक प्रेक्षक म्हणजे अंघोळीचा एक ओटा, हे ठरलं. पण माणसाला बसायला जागा किती लागते यावर वाद झाला, तेव्हा शिट्टीसरांनी सगळ्या शिक्षकांना व्हरांड्याच्या कट्ट्यावर ओळीने बसवून दोन्ही बाजूंनी खडूच्या खुणा केल्या. (हिशेबनिसांची जागा ग्रंथपालांच्या दुप्पट भरली. त्यांनी ती खूण मान्य केली नाही, दीर्घ श्वास घेऊन ते पुन्हा बसले आणि तेवढीच भरली. दिवसभर सगळ्यांच्या पाठीमागे खडू होता आणि मुलं अभ्यास सोडून तोच बघत होती.) फुटबॉलच्या गोलाचे खांब म्हणजे टॉवेलची दांडी, उभी आणि लांब. झेंड्याचा खांब म्हणजे शॉवरचा पाइप. गुणफलक म्हणजे आरसा. लांब उडीच्या खड्ड्याला मात्र आमच्या बाथरूममध्ये जोड सापडेना. मग बांधकामाची उरलेली वाळू आठवली. ती मागच्या दारी पडून आहे आणि शेजारच्यांची मांजर तिचा आपल्या परीने उपयोग करते. तीही हिशेबात घेतली.

हळूहळू सगळं कॉलेज बाथरूममध्ये बोलू लागलं. प्रेक्षकांचा मंडप दोन बाथरूमने वर गेला आहे, कात्री लावा, असं प्राचार्य भर सभेत म्हणाले आणि कोणाला हसू आलं नाही. शिट्टीसर एकदा वाटेत मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले की धावपट्टीच्या वळणासाठी अर्धी बाथरूम वाढवून द्या, बाकी माझं काही मागणं नाही. मी पाऊण दिली. शेवटी बेरीज दोनशे चाळीस बाथरूमवर येऊन थांबली. तिला तुमच्या आकड्याने गुणलं, स्टेडियमचा खर्च तयार. प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी त्या दिवशी घरी आलो तो गातच आलो.

इथे खरं म्हणजे पत्र संपायला हवं होतं. पण प्राचार्यांना हुक्की आली की एखाद्या इंजिनिअरची नजर फिरवून घेऊ. इंजिनिअर आला. तरुण, बारीक मिशीचा, हातात गुंडाळायची टेप. त्याने कागद दोनदा वाचले, तिसऱ्यांदा उलटे धरून वाचले आणि विचारलं की ही बाथरूम कुठे आहे? मग तो, प्राचार्य, शिट्टीसर, हिशेबनीस आणि मी असे पाचजण आमच्या घरी ती पाहायला आलो.

मामा, त्या बाथरूमचं दार तुम्हाला आठवत असेल. ते लावलं की आतून उघडत नाही, बाहेरून गुडघ्याने जरा उचलून ढकलावं लागतं आणि ती युक्ती फक्त तुमच्या सुनेला जमते. आम्ही पाचही जण आत शिरलो, हिशेबनिसांना मागे उभं राहायला जागा हवी म्हणून शिट्टीसरांनी दार लोटून लावलं आणि आम्ही अडकलो. प्राचार्य ओट्यावर बसले. इंजिनिअर कोपऱ्यात टेप ताणत होता. हिशेबनिसांनी तोल सावरायला हात टेकला तो नेमका शॉवरच्या नळावर. पाणी सुरू झालं. ते बंद करायला नळापाशी जावं, तर मध्ये हिशेबनीस. प्राचार्य अशा वेळी खरे खुलतात. समितीचे सर्व सदस्य उपस्थित आहेत, तेव्हा सभा इथेच उरकून घेऊ, असं ते भिजतभिजत म्हणाले आणि मागच्या सभेचा वृत्तान्त मंजूर झाला. शिट्टीसरांनी मदतीसाठी शिट्टी वाजवली. समोरच्या मैदानात खेळणारी मुलं तेवढी जागच्या जागी थांबली, बाकी काही झालं नाही.

त्या गोंधळातही इंजिनिअर फरश्यांवर बोटाने टकटक करत होता. नळ निरखून पाहिला, भिंतीच्या आतून नेलेले पाइप कान लावून ऐकले. मग माझ्याकडे वळून तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या आकड्यात अशी बाथरूम होत नाही. याच्या दुप्पट तरी लागलेच असणार."

माझ्या अंगातली सगळी ऊब गेली, आणि ती पाण्यामुळे नव्हे. बाथरूम चुकली तर स्टेडियम दोनशे चाळीस पटीने चुकलं. गादीवाला देणार तेवढे पैसे मंडपाच्या अर्ध्या जिन्यापाशी संपणार, तो पुन्हा दार उघडणार नाही, आणि शिट्टीसर पुन्हा बाकं उचलणार, आता त्या अर्धवट भिंतींना वळसा घालून.  शिट्टीसरांनी गळ्यातली शिट्टी सदऱ्यात आत टाकली. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात तुमच्या सुनेने दार उघडलं. सगळ्यांना टॉवेल दिले, चहा दिला. इंजिनिअर कप ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. बाहेर आला तो वेगळाच माणूस होऊन. म्हणाला, माझीच गल्लत झाली, सरांचा आकडा तेव्हा बरोबरच होता, नंतर भाव वाढले, तेव्हा सरसकट दुप्पट करून टाकू. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. प्राचार्यांनी सहीसाठी पेनसुद्धा काढलं.

पण मी तर्कशास्त्र शिकवतो, मामा. मी त्यांना थांबवलं. बाथरूम बांधल्याला दीडच वर्ष झालं, तेवढ्यात भाव दुप्पट झाले असतील तर साबणाचाही व्हायला हवा होता. तो झालेला नाही. (मी दुकानात जाऊन विचारून आलो. दुकानदाराला वाटलं मी घासाघीस करतो आहे.) एका चहात मत फिरवणाऱ्या इंजिनिअरवर माझा काडीचा विश्वास नाही. खरा आकडा कळेपर्यंत सही होऊ देणार नाही, असं मी निक्षून सांगितलं आहे. पुढच्या सोमवारी गादीवाला येतो आहे आणि तोवर कॉलेजात माझ्याशी कोणी बोलत नाही, शिट्टीसर सोडून. ते रोज सकाळी येऊन आकडा कळला का एवढंच विचारतात.

असो. मामींच्या गुडघ्याला नमस्कार, मुलांना पाठीवर थाप आणि तुम्हाला राहिलेला साष्टांग.

तुमचा भाचा

ता. क. खरं म्हणजे एवढंच विचारायला पत्र लिहिलं. बाथरूमला नक्की किती लागले? खरं सांगा. वरचे पैसे तुम्ही प्रेमापोटी स्वतःच्या खिशातून घातले असतील तर मी रागावणार नाही, हळूहळू फेडीन. पण सोमवारच्या आत कळवा.

ता. क. दुसरं. यातलं काही तुमच्या सुनेच्या कानावर घालू नका. ठरल्या खर्चात बाथरूम बांधून घेतली, हा तिच्यासमोरचा माझा एकमेव पराक्रम आहे. पाकीट चिकटवायला तिच्याकडे देतो आहे, डिंक तिच्या कपाटात असतो. पण ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतली नाही.

तीर्थस्वरूप मामांना सुनेचा नमस्कार. मी वाचलं. वरचे पैसे कुणी घातले हे तुम्हाला माहीत आहे आणि ते यांना कळू द्यायचं नाही, असं आपलं ठरलंय. यांच्यावर सोडलं असतं तर मी अजून मोरांच्या पडद्याआड अंघोळ करत असते. इंजिनिअरला मी सगळं सांगितलं. बिचारा भला माणूस, लगेच दुप्पट करायला तयार झाला. तेव्हा तुम्ही यांना एवढंच लिहा की आकडा बरोबर होता, पुढे भाव वाढले आणि साबणाचं गणित बांधकामाला लागू पडत नाही. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. हे रोज सकाळी त्या बाथरूममध्ये गातात, मामा. मोरांच्या पडद्याआड कधी गायले नव्हते. स्कूटर विकल्याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही. मी फक्त एवढंच म्हटलं होतं की स्कूटर आता आपल्याकडे नाही, चोर यांनी तर्काने काढला.

एवढं लिहून पाकीट चिकटवणार, तर आत्ता चौकीतून हवालदार निरोप घेऊन आला. यांच्या वर्णनाबरहुकूम चोर सापडला आहे आणि त्याने सगळं कबूल केलं आहे. मामा, पत्राने भागायचं नाही. तुम्हीच या.