सुचिताच्या हाताला दोष नव्हता

मी, सत्यभामाबाई भाऊराव खर्चे, वय ७४ वर्षे, राहणार धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा, माझ्या मागे माझ्या मालमत्तेचे काय व्हावे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झालेले आहे, पण चष्मा लावला की ओळ दिसते. मी सातवी पास आहे. वकिलाकडून छापील नमुना आणला होता, पण मला जे सांगायचे आहे त्याला त्यात जागा नव्हती, म्हणून साध्या कागदावर लिहिते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

१. माझे पती भाऊराव यांनी हयातीत राहते घर व मागचे परस माझ्या नावे घेतले. ग्रामपंचायतीत नमुना आठला तशी नोंद आहे. पैकी दोन खोल्या व ओसरी माझा मुलगा प्रेमानंद याला द्यावी. पोस्टातली ठेव आणि माझी सोन्याची पोत मुलगी मंदा हिला द्यावी. मंदाशी बोलणे झाले आहे. ती "बरं" म्हणाली, पण तोंड वाकडे करून म्हणाली, म्हणून हे लिहून ठेवणे बरे.

२. माझे दीर हिंमतराव यांनी नेलेला फवारणीचा पंप चौदा वर्षांत परत केलेला नाही. तो आता मागू नये. मात्र ते भेटायला आले तर चहा झाल्यावर एकदा आठवण द्यावी.

३. घरामागचे परस, त्यातला नळ, दोन्ही खुरपी, विळा, झारी व बियांचे डबे माझी सून सुचिता हिला द्यावे. तिच्या स्वतःच्या नावावर करावे. प्रेमानंदची बायको म्हणून नव्हे. का, ते पुढे लिहिते.

४. प्रेमानंदसाठी मी माझ्या बहिणीची मुलगी मनात धरली होती. त्याने चिखलीची सुचिता पसंत केली. तिचे वडील शिंपी. घराला अंगण नाही, मातीशी तिचा संबंध नव्हता. सन २००८ च्या पावसाळ्यात मी तिला मेथी, धणे आणि गाजराचे बी दिले आणि परसातला एक वाफा तिच्या हवाली केला. ती एकेक दाणा बोटाने ढोसून खोल पुरत होती, दोन पेरे बोट मातीत जात होते. मी पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. मला दिसत होते. आपली काळी माती, वरून पाणी पडले की तिच्यावर पापुद्रा धरतो, इतक्या खालून मेथीचा कोंब वर येत नाही. हे सांगायला एक वाक्य पुरले असते. पहिल्या दिवशी आळसाने राहिले असे मी स्वतःला सांगत आले. दुसऱ्या दिवशी मात्र मी मुद्दाम गप्प राहिले.

आठ दिवसांनी माझे वाफे हिरवे झाले, तिचा कोरडाच. शेजारची विमलबाई कोथिंबीर न्यायला आली. म्हणाली, "काऊन वं सत्यभामा, सुनेचा वाफा मोकळाच?" मी हसून म्हटले, "तिच्या हाताले उगवण नाही, बाई." सुचिता तिथेच उभी होती.

पुढच्या वर्षीही तसेच झाले. त्यानंतर तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात पोट पडले. माझे ते वाक्य गल्लीत फिरतच होते, बायांनी ते तिच्या पोटाला जोडले. पेरणीच्या दिवशी तिला बियाण्याला हात लावू देईनात. मंदाच्या डोहाळजेवणाला मीच तिला म्हटले, "तू चुलीपाशी रहा, ओटी भराले येऊ नको." ती आली नाही. दिवसभर पुरणपोळ्या लाटत होती. तिला पुढे मूल झाले नाही. सन २०१४ मध्ये दोघे चिखलीला राहायला गेले. प्रेमानंद जीप चालवतो, ती शाळेत पोषण आहार शिजवते.

५. सन २०२३ मध्ये डोळ्याच्या ऑपरेशननंतर मी आठ दिवस त्यांच्याकडे होते. माझ्या डोळ्यात थेंब तीच टाकायची. पट्टी निघाली त्या सकाळी तिने मला हाताला धरून गच्चीवर नेले. रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये मेथी अशी दाटली होती की माती दिसत नव्हती. ती म्हणाली, "आई, मी लय खोल पुरत होती. शाळेत परसबाग केली तवा बियाच्या पाकिटावर वाचलं." मग तिने विचारले, "तुमाले मालूम होतं काय?"

मी म्हटले, "नाही बाई. मले काय मालूम? मी तर अंदाजानंच टाकतो."

पंधरा वर्षे गप्प राहिले ते एक, आणि तिच्या घरचे अन्न खाऊन तिच्या तोंडावर खोटे बोलले ते दुसरे. दुसऱ्याने मला झोपू दिलेले नाही.

६. तेव्हा सांगायचे होते ते आता लिहिते. सुचिताला याची गरज उरलेली नाही, तरी एकदा ते माझ्याकडून तिला मिळायला हवे. बी जेवढे जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट माती वर असावी. मेथी आणि गाजर नुसते झाकावे, चाळलेले शेणखत भुरभुरले तरी चालते. चवळाईचे बी वाळूत मिसळून फेकावे आणि वरून हात फिरवावा. धणे रगडून अर्धे पेर. भेंडी, गवार एक पेर. भोपळा, दोडका एक पेर किंवा किंचित जास्त. वांगी, मिरची आधी रोपासाठी टाकावी, त्यांनाही माती अगदी थोडी.

७. माझ्या तेराव्याला जमलेल्या बायांसमोर कलम चार व पाच मोठ्याने वाचावे. विमलबाई हयात असेल तर तिला पुढे बसवावे. वाचायचे काम प्रेमानंदने करावे. त्याने बायकोची बाजू एकदाही घेतली नाही, तेवढे त्याने करावे.

८. हे सगळे मेल्यावर कळवणे म्हणजे पुन्हा लपणेच झाले असते. म्हणून संक्रांतीला सुचिता तीळगूळ घेऊन आली तेव्हा मी तिला समोर बसवून सांगितले. तिने ऐकून घेतले. एवढेच विचारले, "माझं पोट पडलं अन् बाया बोलत होत्या, तवा बी तुमाले मालूम होतं?" मी "हो" म्हटले. ती उठून मागे परसात गेली, बराच वेळ उभी राहिली. मग पिशवी घेतली आणि माझ्या पाया न पडता चिखलीच्या गाडीला निघून गेली. त्याला आज पंचवीस दिवस झाले. फोन नाही. मी केला तर प्रेमानंद उचलतो.

तेव्हा स्पष्ट लिहिते. सुचिताने मला माफ करावे अशी कोणतीही अट या मृत्युपत्रात नाही. तिने परस पेरावे, विकावे किंवा पडीक ठेवावे. माझ्या मातीला ती आली नाही तर तिची वाट पाहत मला ताटकळत ठेवू नये, आणि का आली नाही म्हणून तिला कोणी विचारू नये. विचारायचा हक्क फक्त मला होता, आणि मी तो सोडला आहे.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि खालील दोघांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही : सत्यभामाबाई भाऊराव खर्चे

साक्षीदार :
१) शकूर उस्मान शेख, धामणगाव बढे
२) रामराव तुळशीराम नारखेडे, रोहिणखेड

ठिकाण : धामणगाव बढे
दिनांक : ८ फेब्रुवारी २०२५