कागद जाळले, घर राहिलं

१४ जानेवारी
दाराला पिवळी पिशवी! आत नोटीस — तीन वर्षांची घरपट्टी थकलीय, मार्चअखेर काही केलं नाही तर घर काउंटी सरकारचं, मग लिलाव. माझं घर? अहो, कर्ज फिटलंय त्याचं! चर्चच्या अंगणात वाजतगाजत कर्जाचे कागद जाळले. माझी बायको लुसिंडा तेव्हा होती, पीचचं गोड कॉब्लर तिनेच भाजलं होतं. आमच्याकडे ज्याचं कर्ज फिटेल त्याचे कागद पत्र्याच्या ताटात जाळतात, आणि काडी चर्चचा सेवेकरी, डीकन, लावतो. म्हणजे मीच!

१५ जानेवारी
समोरची अर्लीथा आली. पिवळी पिशवी दिसली की ही दार वाजवणारच. मी तिला आजवर चोंबडी म्हणत आलोय. कोटही न काढता टेबलाशी बसली. "कर्ज होतं तेव्हा घरपट्टी कोण भरायचं, डीकन?"
मीच की, म्हटलं, हप्ता देत होतो ना.
"हप्त्यातून बँक भरायची. हप्ता संपला, बँक बाजूला झाली. मग कोणी भरली?"
बिलं आली होती. घर विकत घ्यायला टपलेल्यांची पत्रं समजून मी ती फेकत होतो.

१७ जानेवारी
झोप नाही. लुसिंडाने लावलेलं लायलॅकचं झाड दुसऱ्या कुणाच्या अंगणात?
अर्लीथा म्हणाली, लपून बसू नका, काउंटीच्या सुनावणीला जा. अडचण सांगून मुदत मागता येते, हप्ते बांधून मिळतात. पेन्शन तुटपुंजी, तेव्हा यंदाच्या करात माफीचा अर्जही करायचा. आणि 'इथे सही करा, घर वाचवतो' म्हणत कुणी आला तर दार लावून घ्यायचं. काय डोकं आहे बाईचं!

५ फेब्रुवारी
सुनावणी. माझा नंबर आला आणि मी अर्लीथाकडेच बघायला लागलो. अर्लीथाने कोपर मारलं. "तुम्हीच बोला. घर तुमचं आहे." बोललो. हप्ते बांधून दिले! ते भरत राहीन तोवर घर लिलावाच्या यादीतून बाहेर. मला रडू आवरेना. वळून पाहतो तर ही मागच्या बाकावरच्या म्हातारीजवळ जाऊन बसलेली, तिचे कागद लावून देत होती. असं माणूस माझ्या समोर राहतं आणि मी तिला नावं ठेवत होतो.

९ फेब्रुवारी
ओव्हनमध्ये भाजलेला रताळ्याचा गोड 'पाय' घेऊन तिच्याकडे गेलो. दारात एक माणूस भाड्याचे पैसे मोजून घेत होता. भाडं कसलं? घर तुझंच ना?
"होतं. तुमच्यासारखंच घरपट्टीपायी लिलावात गेलं. ह्यांनी घेतलं, मी भाड्याने राहिले." आणि म्हणाली, "बसा, कॉफी टाकते."

१० फेब्रुवारी
पास्टरांचा फोन. रविवारी चर्चमधल्या टॉलिव्हर कुटुंबाच्या कर्जाचे कागद जाळायचेत, काडेपेटी विसरू नका म्हणाले. तेव्हा लख्ख आठवलं. अर्लीथाच्या कागदांनाही काडी मीच लावली होती.
आणतो म्हटलं. पण आधी अर्लीथा घरपट्टीचं सगळ्यांना सांगेल, मग काडी.