पाहुण्यांतून उठवलं

गुरुवार, निजामी पंचांगाचा खुर्दाद महिना, संध्याकाळ

बाहीला मटणाच्या कलियाचा रस्सा लागलाय. धुवायचं नंतर, आधी हे लिहितो.

सकाळी कचेरीतल्या कारकुनानं पुन्हा तेच ऐकवलं. वऱ्हाडातून पळून आलेला मी गैरमुल्की, म्हणजे परमुलखातला; निजाम सरकारात नोकरी नाही. इथं राहता तरी येईल का? तेही सांगेना.

दुपारी शेजारच्या करीमचाचांच्या मुलीचं लग्न. आल्यापासून मोहल्ल्यात कुठंही जेवण असलं की मला पाहुणा म्हणून पहिल्या पंगतीत बसवतात. आजही सवयीनं बसलो. तर चाचा सगळ्यांदेखत ओरडले, "ऊठ रे! मिसरूड फुटलं आन् पाहुण्यांत बसतोस व्हय? घरची पोरं पंगत वाढायला लागली, दिसत नाय का?" आणि कलियाचं पातेलं हातात दिलं.

शरमलो? छे! लई आनंद झाला. घरची पोरं म्हणाले ना? तसंच म्हणाले.

वाढत शेवटाला गेलो, तर तिथं तोच कारकून, हैदराबादहून बदलून आलेला. मला ओळखून त्यानं मान खाली घातली. पातेलं कललं, बाहीवर रस्सा सांडला तो तेव्हाच. पण भरपूर वाढलं.

म्हटलं, "घ्या की साहेब, लाजू नका. तुम्ही आमच्या गावचे पाहुणे."