खुब्याची मोजणी

३ नोव्हेंबर, सोमवार
नवा खुबा बसवून वर्ष झालं म्हणून एक्स-रे काढला. इथंच, शेवगावात, नव्या सेंटरवर. नगरला डॉक्टरांना दाखवायचाय, पण ते सावकाश. मुलाला, कल्याणला, कळवलं नाही. त्याला पुण्यात कामं असतात आणि मी स्वतंत्र माणूस आहे.
संकल्प : उद्यापासून काठी बंद.

४ नोव्हेंबर
काठीचा विषय सोमवारपर्यंत तहकूब. गल्लीत कुत्री फार झालीत.
दुपारी वेळ होता. (असतोच.) मागच्या वर्षीची आणि कालची फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली, ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली. भूमी अभिलेखमध्ये जन्म गेला माझा. शेजाऱ्याने रेटलेला बांध वीतभर असो की बोटभर, माझ्या हातून सुटला नाही. मांडीच्या हाडाचं वरचं टोक कायम हद्द धरली, तिथून धातूच्या दांड्यापर्यंत पट्टी लावली. चार मिलिमीटरचा फरक! इम्प्लांट सरकलंय.
शेजारच्या राहीबाई ताक घेऊन आल्या. म्हणाल्या, अप्पा, काचंला ही हाडं कशाला लावली, लेकरं भ्यात्यात की. अतिक्रमण सापडलंय, म्हणालो. दुखतंय का, म्हणाल्या. दुखत नाही, हे खरं. पण बांध रेटला म्हणून जमीन कुठे ओरडते?

५ नोव्हेंबर
मोजणीच्या आधी लगतच्या कब्जेदारांना नोटीस काढावी लागते, त्यांनी समक्ष हजर राहायचं असतं. नियम आहे. माझ्या लगत आता कल्याणच. फोन केला, निव्वळ माहितीसाठी. तो घाबरला. म्हणाला, शनिवारी येतो, आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. मी म्हणालो, कशाला उगाच. एकदाच म्हणालो. दोनदा म्हटलं की लोकांना खरं वाटतं.

६ नोव्हेंबर
पुन्हा मोजलं. साडेचार. वाढतंय. फार काळजी वाटते.
वरची खोली झाडून घेतली, त्याची गादी-उशी उन्हात टाकली. त्याची आई, पुष्पावती, गेल्यापासून तो मुक्कामाला राहिलेला नाही. दुपारी येतो, चहा घेतो, गाडीची किल्ली हातातच असते. या वेळी दुखणंच असं आहे की राहावं लागेल. राहीबाईंना हुलग्याचे शेंगोळे करायला सांगितले, दोन माणसांचे. त्या म्हणाल्या, खुबा सरकल्याला मानूस असा गानी म्हनत हिंडतो व्हय? मी गात नव्हतो.
संकल्प : कल्याणसमोर लंगडायचं नाही. फार लंगडायचं नाही.

७ नोव्हेंबर
कल्याणने दोन्ही फिल्मचे फोटो मागितले. पाठवले. पाठवायला नको होते. त्याने ते परस्पर डॉक्टरांना दाखवले.
डॉक्टरांचं म्हणणं : दोन्ही मशीन वेगळी, त्यामुळे फिल्मवरचा आकार कमी-जास्त येतो. खुब्यातला धातूचा गोळा मात्र अठ्ठावीस मिलिमीटरचा, तो काही वाढत नाही. दोन्हीकडे आधी गोळा मोजायचा आणि त्या हिशेबाने बाकीचं बसवायचं. तसं बसवल्यावर इम्प्लांट जिथल्या तिथे. काका नशीबवान आहेत, म्हणाले.
कल्याणला केवढा आनंद झाला. म्हणाला, सुटलो अप्पा! मग उद्या नाही निघत, संक्रांतीच्या सुमारास बघू. मी म्हणालो, हो हो, कशाला उगाच. या वेळी दोनदा म्हणालो.
वेगवेगळ्या प्रमाणाचे नकाशे एकमेकांवर ठेवायचे नसतात, हे मी खात्यात नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायचो.

८ नोव्हेंबर, शनिवार
डॉक्टर झाले तरी चुकू शकतात. गोळा धरून स्वतः मोजलं. फरक शून्य. पट्टी जरा तिरकी धरून पाहिली. शून्यच.
राहीबाई शेंगोळ्यांचं पातेलं घेऊन आल्या. पोरगं कुटं हाय, म्हणाल्या. रस्त्यात आहे, म्हणालो. दोन ताटं मांडून त्या गेल्या.
शेंगोळे गार झाले. खुबा थोडा सरकला असता तर बरं झालं असतं.
मोजणी पूर्ण. हद्द कायम. समक्ष हजर : अर्जदार स्वतः. लगतचे कब्जेदार नोटीस मिळूनही गैरहजर.