पाण्याची दुसरी वाट

प्रिय धाकटे,

आधीच सांगते, घाबरू नकोस, कॅन्सर परत आलेला नाही. पण मागचे काही महिने मी तसंच धरून चालले होते आणि कुणाजवळ, तुझ्याजवळसुद्धा, ब्र काढायची हिंमत होत नव्हती.

छातीची ऑपरेशन झालेली उजवी बाजू हळूहळू जड, टणक व्हायला लागली. तुझ्या या शिंपीण बहिणीने काय केलं असेल? ब्लाउजची त्या बाजूची शिवण उसवून सैल केली. पुन्हा घट्ट झाली, पुन्हा उसवली. माप चुकलं म्हणून स्वतःच्या कात्रीला शिव्या घातल्या. हस, हस! शेवटी उसवायला शिवणीत कापडच उरलं नाही, तेव्हा निमूट दवाखाना गाठला.

मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. गाठ नाही म्हटल्यावर मला डॉक्टरीणबाईंसमोरच रडू कोसळलं. ऑपरेशनात काखेतल्या ग्रंथी काढलेल्या, वर किरणांचे उपचार, त्यामुळे अंगातलं पाणी वाहून जायच्या वाटा बुजल्या आणि ते स्तनातच साचलं, एवढंच होतं. त्यांनी मला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे पाठवलं. या बाईंनी बोटाने दाबून बोट उचललं, तर खळगा तसाच! कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली. मी आरशात कधी बघितलंच नव्हतं गं.

वाटलं, आता या मला चांगल्या रगडून काढणार. छे! हात इतका हलका, की लागतोय तरी का ते बघायला मी डोळे उघडले. आधी डाव्या काखेपाशी, मग छातीवरून त्या दिशेने कातडी नुसती अलगद सरकवायची. एक वाट बुजली तर पाणी दुसरीकडून नेता येतं म्हणे. आणि खरंच गेलं! काही आठवड्यांत बाजू मऊ पडली. जन्मभर लोकांच्या अंगाची मापं घेतली, पण माझ्याच कातडीखाली एवढं सगळं चालतं याचा मला पत्ता नव्हता. मी अजून थक्क आहे. पुरतं बरं होणार नाही, सांभाळत राहावं लागेल. आधाराची घट्ट ब्रेसियर मीच बेतली आणि बाई ती इतर पेशंटना कौतुकाने दाखवतात, बरं का.

समोरचं मी स्वतः करते. पाणी पाठीवरूनही वळवायचं असतं, तिथे मात्र माझा हात पोचत नाही, घरचं कुणीतरी शिकून घ्या असं बाई म्हणाल्या. ऑपरेशननंतर पट्टी बदलायला आलीस तेव्हा मी तुला दाराबाहेर उभं केलं होतं. आजवर तो व्रण मी कुणालाच दाखवलेला नाही. तू नखं कापून ये. मी पाठ करून बसणार नाही, आधी समोरून बघ.

तुझीच,
ताई